फुटक्या जात्याची पायरी

जमलेल्या समद्यांनो, भाभी, शिरडच्या बाजारातल्या दुकानदार भावांनो, आमच्या नव्या गावाहून गाड्या जुंपून आलेल्या लोकहो,

भोंगा बंद हाय, म्हणून मोठ्यानं बोलते. भोंगा दुरुस्त करणारा माणूसच गेला, म्हणून तर आपण इथं बसलोय. मागं ऐकू येत नसलं तर हात वर करा, मी पुन्हा सांगीन.

मला उभं करायच्या आधी दोघातिघांनी विचारलं, नर्सबाई, बोलवल का तुमच्यानं? रडू येईल म्हणून विचारलं त्यांनी. रडू येईल तवा येईल. त्याचं मला भ्या न्हाई. मला भ्या हाय ते बोलायचंच. करीमभाई गेले आणि माझं त्यांच्याशी भांडण मिटलं न्हाई. मेलेल्या माणसाशी भांडण उरलं असलं तर शोकसभेत काय बोलायचं असतं? 'लई चांगला माणूस होता' एवढं म्हणून मी खाली बसले असते. पण करीमभाई माझ्याशी चांगले वागले का न्हाई, ह्याचाच निकाल अजून लागायचा हाय. तो लागल्याबिगर माझ्यानं खाली बसवत न्हाई.

आधी एक गोष्ट. साहेब, तुमी औरंगाबादहून आलात. तुमचं ते आवाज भरायचं यंत्र टेबलावर ठेवलंय. चालू हाय का? मान हलवली साहेबांनी. चालू हाय. म्हणजे मला न सांगता चालू केलं. असू द्या, बंद करू नका. मी काय बोलले ते उद्या दुसरंच कुणी सांगू नये, म्हणून चालूच राहू द्या.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना करीमभाई ठाऊक होते ते रेडिओवाले म्हणून. ह्याच दुकानात बसून त्यांनी उभ्या शिरडचे रेडिओ उघडले आणि बंद केले. आमच्या गावाला मात्र ते वेगळ्या कामानं ठाऊक झाले. ते काम काय होतं ते सांगते, न्हाईतर माझं भांडण तुमाला कळायचं न्हाई.

आमचं जुनं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं. हे काही नवं सांगून न्हाई राहिले, तुमी समदे जाणता. आधी मारुती गाडीत घालून वर नव्या गावात नेला, मग माणसं गेली, मग ढोरं. आमची बौद्धांची वस्ती तवाबी गावाच्या खालच्या अंगाला, नदीकडं होती. नव्या जागेतबी आमाला वेगळ्याच अंगाला बसवलं. पाणी आलं तवा मी परकर-पोलक्यातली पोरगी होते. माझा बाप सटवाजी नव्या घराचं कूड घालता घालता आजारी पडला आणि गेला. त्याचा एकबी फोटो न्हाई. कोण काढणार? त्या काळात आमच्या वस्तीत फोटोवाला यायचा तो फक्त पोलिसासंगट.

मग आला दुष्काळ. तुमाला आठवतो. धरणाचं पाणी उतरत उतरत इतकं उतरलं की जुनं गाव वर आलं. भिंती न्हाई आल्या, त्या मातीच्या होत्या, विरघळून गेलेल्या. वर आली दगडी जोती, उखळं, दोन पार आणि लई गाळ. लोक बघायला जाऊ लागले. बाया लग्नातली लुगडी नेसून गाळात उतरल्या, माहेराला चालल्यासारख्या.

तवा करीमभाई सायकलवर यायला लागले. कॅरिअरवर टेपची पेटी, गळ्यात कॅमेरा. त्यांची एक रीत होती. ज्याचं घर त्याला त्याच्या जोत्यावर बसवायचं. घरात किती माणसं, पीक किती, असलं काही विचारायचं न्हाई. एकच सवाल करायचा, "इथून काय दिसायचं?" आणि बटण दाबून गप्प बसायचं. माणूस आधी लाजायचा, मग बोट दाखवायचा, तिकडं चिंच, तिकडं मावशीचं दार, आणि मग त्याचं त्यालाच भान राहायचं न्हाई. बोलणं संपलं की एक फोटो. फोटोच्या मागं घर कुणाचं ते लिहायचं. जोत्यात सापडलेली एखादी वस्तू माणसानं खुशीनं दिली तर ती घ्यायची. दाराची कडी, धान्य मापायची आधोली, निजामाच्या काळातला पैसा. तेबी चिठ्ठी बांधून टेपा-फोटोंसंगट पत्र्याच्या पेटीत ठेवायचं. ती पेटी आज करीमभाईंच्या घरी, भाभीच्या पलंगाखाली हाय.

आता खरं सांगा, तुमच्यातल्या कुणाला तवा ह्या माणसाचा भरवसा वाटला होता? आमच्या गावाला एवढंच ठाऊक होतं की मागच्या खेपेला पँटवाला माणूस गळ्यात यंत्र अडकवून आला, त्यानं घरं मोजली, आणि मग पाणी आलं. दुधानं तोंड पोळलं की ताकबी फुंकून पितात. कुणी म्हणालं, दिलेली जमीन परत काढून घ्यायची असंल. कुणी म्हणालं, भंगारवाला हाय, कड्या-कोयंडे विकतो. मीबी तेच म्हणाले. एकदा दवाखान्यापुढून सायकलवर चालले होते, तवा थांबवून मी तोंडावर विचारलं त्यांना, करीमभाई, तुमचं काय गेलं पाण्यात? तुमी शिरडचे. आमच्या गावाचं तुमाला काहून एवढं? तर हसले आणि म्हणाले, "रेडिओ बिगड्या तो आवाज जाता, बाई. गाव का भी वैसाच." हे काय उत्तर झालं? पुन्हा एकदा विचारलं तर म्हणाले, "शौक है." शौकासाठी कुणी एवढ्या उन्हात सायकल दामटतं का? मला तवाच वाटलं, कुठंतरी पाणी मुरतंय.

एक मात्र खरं, करमणूक झाली गावाची. टेपमध्ये समद्यांची घरं मोठी झाली. ज्याच्या दारात एक शेळी होती त्याच्या दारात टेपमध्ये बैलजोडी आली. हसा, हसा. तुमचेच आवाज हायेत ते, पेटीत पडलेत अजून.

पण त्या फोटोंमध्ये आमच्या वस्तीतलं एकबी माणूस न्हाई. काहून न्हाई? कारण आमची समदी वस्ती दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेली. दिवस उगवायला जायचं, मावळल्यावर यायचं. कुणाला सवड होती जोत्यावर बसून आठवणी सांगायला? मी कळमनुरीकडं दवाखान्यात होते, टोचायच्या कामावर. सुट्टी मिळत नव्हती. मी मनात धरून होते, मिळाली की जाईन. आपल्या घराच्या जोत्यावर एकदा बसून येईन.

सुट्टी मिळायच्या आधी पाऊस आला. लोक त्या पावसाच्या पाया पडले. मीबी पडले. पण जुनं गाव पुन्हा गेलं. तवापासून आजपतुर पाणी तेवढं उतरलं न्हाई आणि उतरू बी नये.

त्यानंतर मी ह्या दुकानात आले, दवाखान्याच्या रेडिओसाठी. ह्या इथं, दाराच्या आत, भिंतीवर करीमभाईंनी फोटो लावले होते. मी उगीच बघून राहिले होते. आणि एका फोटोवर माझी नजर थांबली.

फोटोत आबा होते. हे आमचे आबाराव, पुढं बसलेत, पांढरा फेटा. गावातलं मोठं घर, मोठी शेती. फोटोत आबा, त्यांची मंडळी, दोन्ही लेकं, सुना. समदे एका जोत्यावर बसलेले. आबांच्या डोळ्यांत पाणी. कोपरा उचलून मागं बघितलं तर करीमभाईंच्या हातचं लिहिलेलं, 'आबाराव यांचे घर.' आणि आबांचा उजवा पाय ज्या पायरीवर होता, ती पायरी म्हणजे फुटक्या जात्याची तळी होती.

ते आमचं घर होतं.

कशावरून, असं विचारताल. सांगते. आमचं जातं फुटलं. तवा नुकतीच आमी दीक्षा घेतलेली. बापानं त्याची खालची तळी उचलली आणि दारात पायरी म्हणून बसवली, मधल्या भोकासगट. माय रडली. जात्याला चुकून पाय लागला तर हात लावून कपाळाला लावणारी बाई ती. ती म्हणाली, लक्ष्मीवर पाय देऊन घरात येऊ का मी? बाप म्हणाला, "पुजत होतो तवाबी फुटलंच की. आता दगड हाय. दगडाचं काम करू दे त्याला." माय कितीतरी दिवस पायरी ओलांडून उडी मारून आत यायची. आमी पोरं हसायचो. मग एक दिवस डोक्यावर घागर होती आणि तिनं पाय दिला. बापानं बघितलं आणि तिच्या डोक्यावरची घागर उतरवून घेतली.

आता मला सांगा, अख्ख्या जुन्या गावात दुसऱ्या कुणाच्या दारात जात्याची पायरी असंल? आबांच्या घरी? आबांच्या घरात जात्यावरून कुणी वलांडून बी गेलं नसतं. तेवढी एकच पायरी होती त्या गावात, आणि ती माझ्या बापानं बसवलेली.

चूक कशी झाली तेबी मला ठाऊक हाय, तिथं असलेल्यांच्या बोलण्यातून मी जुळवलंय. गाळातून दोन पार वर आले होते, एक मारुतीचा, एक चावडीचा. मारुती तर आधीच हलवलेला, मग पार ओळखायचा कशावरून? मारुतीच्या पारावरून डावीकडं वळलं की आबांचं घर. चावडीच्या पारावरून डावीकडं वळलं की आमची वस्ती. आबा चावडीच्या पारावरून वळले. जोतं अर्धं गाळात, लहान का मोठं ते दिसत नव्हतं. बसले. करीमभाईंनी विचारलं, "इथून काय दिसायचं?" आणि आबा आपल्या आईबद्दल बोलायला लागले. इथं आई गेली, इथं तिला खाली घेतलं, इथं तुळस होती. आमच्या दारात तुळस कधीच नव्हती.

मी तिथल्या तिथं म्हणाले, करीमभाई, ही पायरी बघा आणि फाडा तो फोटो. घर माझं हाय.

ते खुर्चीवरून उठले. फोटो भिंतीवरून काढला, भिंगाखाली पायरी बघितली. लई वेळ बघितली. म्हणाले, "बराबर है बाई. जातं हाय." मी म्हणाले, मग फाडा. तर म्हणाले, "फाडूंगा नै. फाड्या तो आबा का रोना भी जाएगा. रोना तो सच्चा था ना?" मी म्हणाले, रडणं खरं असंल, घर माझं हाय. मग माझं नाव लिवा. माझ्या बापाचं नाव लिवा. तर म्हणाले, "आबांना विचारल्याबिगर न्हाई लिहिणार. तुमी बोला, तुमचं भरून घेतो." आणि माझ्यापुढं यंत्र ठेवलं.

मी बोलले. ह्या दुकानाच्या फळीवर बसून, समोर बाजार चाललेला, आणि मी आमच्या दारातून काय दिसायचं ते सांगितलं. रागानंच सांगितलं. पण घरी गेल्यावर हिशोब केला तर काय झालं होतं? आबा भिंतीवर आणि मी टेपच्या डब्यात. फोटो येणारा-जाणारा बघणार. टेप कोण लावणार, आणि काहून लावणार? आमचं घर पाण्यात गेलं, ते एकदा. आता फोटोतून जाणार, हे दुसऱ्यांदा. पहिल्यांदा निदान नुकसानभरपाई तरी मिळाली होती.

त्यानंतर मी जवा जवा ह्या दुकानात आले तवा तवा एकच विचारलं. आबांना विचारलं का? करीमभाई खाली मान घालून तारा जोडत बसायचे. "विचारतो बाई." "आबांची तब्येत बरी न्हाई." "सुगी हाय, नंतर." मला काय समजायचं ते मी समजले. आबांचा रेडिओ इथंच येतो, आबांच्या लेकाच्या लग्नाला भोंगा इथूनच जातो. गिऱ्हाईक कोण तोडणार सटवाजीच्या पोरीसाठी? आणि दुसरा संशय त्याहून वाईट. टेप महाग असती. एकावर दुसरं भरतात. मला पक्कं वाटायचं की ह्यांनी माझ्यावर कव्वाली भरली असंल. लोक मला म्हणायचे, संशयाचं भूत बसलंय मानगुटीवर, नर्सबाई, तुमाला जिकडं तिकडं चोरच दिसतात. दिसतात. ज्याचं गेलेलं असतं त्याला दिसतात.

मग करीमभाई आजारी पडले. इंजेक्शन द्यायला मीच येत होते रोज. भाभी साक्षीला हायेत. शेवटी शेवटी आवाज बसला होता त्यांचा. मी सुई टोचता टोचता विचारलं. आजारी माणसाला विचारू नये, तरी विचारलं. करीमभाई, आबांना विचारलं का? तर माझा हात धरला आणि म्हणाले, "मैं नै पूछ सकता. तुमी पूछना. सबके सामने पूछना. अकेले में नक्को."

मी बाहेर येऊन विचार केला, हा काय डाव हाय? स्वतः विचारलं न्हाई आणि आता मला चारचौघांत उभं करून राहिलेत. चारचौघांत आबांना विचारलं आणि आबांनी नाकारलं, तर कुणाचं तोंड काळं होणार? माझं. नर्सबाई मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाते, असं म्हणतील. मी ठरवलं होतं, न्हाई विचारायचं.

पण आज सकाळी साहेबांची जीप आली. पेटी न्यायला आलेत ते. संग्रहालयात ठेवणार म्हणतात, वाळवी लागू देणार न्हाई, कुलपात ठेवणार. म्हणजे आता जे लिहिलंय ते कायमचं झालं. ह्या गावाबाहेरचा माणूस तो फोटो बघणार, आणि मागं जे लिहिलंय तेच वाचणार. मग मी भाभीला म्हणाले, भाभी, पेटी उघडा. भाभींनी उघडली. माझी टेप निघाली. भाभींनीच यंत्राला लावली. माझा आवाज होता. समदा होता, एक शब्द कमी न्हाई. कव्वाली-बिव्वाली काही न्हाई.

एका डब्याचं खरं निघालं म्हणून समदं खरं होत न्हाई. पण तेवढं खरं निघालं, ते मी तुमच्यापुढं सांगते.

आणि फोटोबी निघाला. हा बघा. हा माझ्या हातात हाय. साहेब, घाबरू नका, फाडत न्हाई.

आबा, मी तुमाला विचारून राहिले. करीमभाईंनी सांगितलं म्हणून समद्यांपुढं विचारते. बसूनच सांगा, उठू नका, गुडघा दुखतो तुमचा. ह्या फोटोत तुमचा पाय ज्या पायरीवर हाय, ती पायरी कशाची हाय? तुमी तवा बघितली होती का?

...

मागं ऐकू गेलं न्हाई. आबा म्हणाले, व्हय. जातं होतं.

कधी कळलं आबा?

आबा म्हणाले, उठताना कळलं. फोटो झाला, रडून झालं, उठायला पाय रेटला आणि खाली बघितलं तर मधलं भोक दिसलं. जात्याला पाय लागला म्हणून हात कपाळाला लावायला खाली वाकलो. आणि वाकल्यावर समजलं की हे आपलं घर न्हाई.

मग बोलला काहून न्हाई?

हळू सांगा आबा, मी सांगते लोकांना. आबा म्हणतात, समदं गाव भवती उभं होतं. लेकं होती, सुना होत्या. आईचं नाव घेऊन मी रडलो होतो. कुणाच्या दारात रडलो, ते कोणत्या तोंडानं सांगू? करीमला त्याच सांजंला बाजूला घेतलं. तुझ्या पोरांची आण हाय, बोलायचं न्हाई, असं म्हणालो. त्यानं शब्द दिला.

ऐकलं समद्यांनी?

म्हणजे आबांना ठाऊक होतं. करीमभाईंना ठाऊक होतं. मी भिंगाखाली पायरी दाखवली तवा करीमभाई लई वेळ बघत बसले, ते काही पायरी बघत नव्हते. मला काय सांगावं, ते बघत होते. आणि मी एकटीच बाई येड्यासारखी दर खेपेला विचारून राहिले होते, आबांना विचारलं का.

करीमभाई, तुमी शब्द पाळला. पाळा. पण शब्द आबांना दिला होता आणि भोगला मी. मी तुमची माफी मागणार न्हाई. तुमच्यावर संशय घेतला तो काही उगीच न्हाई घेतला, तुमी लपवतच होतात. फक्त मला वाटलं ते लपवत नव्हता. आणि माझी टेप तुमी जपली, आणि फोटो फाडला न्हाई, आणि मरताना मला कुठं विचारायचं ते सांगून गेला. आण मोडली न्हाई, आणि मोडलीबी. असा माणूस होता. चांगला का वाईट, तुमी ठरवा. मला तो आज सकाळपासून लई आठवून राहिला हाय, एवढं मला कळतं.

आबा, तुमी काही म्हणताय. आबा म्हणतात, माझं नाव खोडून टाका.

न्हाई खोडायचं. तुमी बसला होतात, ते खरं हाय. तुमी रडलात तेबी खरं हाय. आबा, लहानपणी मी मायसंगट तुमच्या दारी यायचे. तुमची आई वरून पाणी ओतायची, आमी खाली ओंजळ धरायचो. तुमच्या पायरीवर पाय ठेवायची आमाला सोय नव्हती. आणि तुमी माझ्या बापाच्या पायरीवर बसून तुमच्या आईसाठी रडलात. कुणी उठ म्हणालं न्हाई तुमाला. घरात माझी माय असती तर तिनं बाहेर येऊन तुमाला पाणी दिलं असतं. तुमी ते पिलं असतं का, ते मी आज विचारत न्हाई.

आबा रडून राहिलेत. रडू द्या त्यांना, कुणी हात धरू नका.

साहेब, आता तुमचं काम. हा फोटो घ्या. पालथा करा. करीमभाईंनी लिहिलेलं तसंच राहू द्या, त्याच्याखाली लिवा. न्हाई, ती पेन्सिल खिशात ठेवा. शाईनं लिवा. पेन्सिलीचं काय होतं ते मला ठाऊक हाय, मी सरकारी दवाखान्यात काम करते. मी सांगते तेवढंच लिवा. 'घर सटवाजीचे. पायरी त्याने बसवलेली. पायरीवर आबाराव, आईसाठी रडताना.'

लिहिलं? मोठ्यानं वाचा.

पुन्हा वाचा, मागच्यांना ऐकू गेलं न्हाई.

बरं. आता फुंकर मारा, वाळू द्या. पेटी जीपमध्ये जाईल का न्हाई, ते भाभी सांगतील, पेटी त्यांची हाय. गेली तर मी येणार हाय औरंगाबादला, बघायला. साहेब, हसू नका, मी खरंच येणार हाय. आणि माझी टेप ह्या फोटोच्या बाजूलाच असायला पायजे. ज्यानं फोटो बघितला त्याला टेपबी ऐकवायची. आबांची आधी, मग माझी. दोघांचीबी ऐकवायची.

माझ्या बापाचा फोटो न्हाई, असं मी मघाशी म्हणाले. त्याच्या हातानं बसवलेला दगड हाय ह्या फोटोत. आता त्याचं नावबी हाय.

करीमभाईंचाबी फोटो न्हाई. समद्या गावाचे काढले, ह्यांचा कुणी काढला न्हाई. भाभींनी सकाळी समदी पेटी धुंडाळली, न्हाईच निघाला. म्हणून टेबलावर त्यांची सायकलवरची टेपची पेटी ठेवलीय, तीच बघा.

आता समदे उठून उभे राहा. आबा, तुमी बसूनच. आपण गप्प उभं राहू. पण डोळे मिटू नका. दुकानाकडं बघा. ते ज्या फळीवर बसायचे तिथून त्यांना काय दिसायचं, ते ज्यानं त्यानं बघून घ्या. हा बाजार, हा लिंब, आपण समदे येता-जाता, रेडिओ काखेत मारून, तोंडात शिव्या. तेच दिसायचं त्यांना.

साहेब, यंत्र बंद करू नका. ह्या गावचं बोलणं करीमभाईंनी लई भरलं. आता गप्प राहणंबी भरून घ्या.

सलाम करीमभाई. जयभीम.